‘नको’चा आकडा

मेलवीथी, तंजावूर
आवणी महिना, शुक्रवार सकाळ

तीर्थरूप सौ. सरोजाक्काच्या चरणी धाकटा भाऊ गुरुराज याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे लिहिण्यापुरतं. गुडघ्याच्या डॉक्टरांनी जमिनीवर बसायला मनाई केली आहे, तेव्हा नमस्कार खुर्चीवरून पोचला असं धरावं.) आम्ही इकडे सगळे बरे आहोत. तुझी रक्तदाबाची गोळी चालू आहे ना, भावोजींचा उजवा खांदा आता वर जातो का, आणि मन्नारगुडीला पाणी आलं का, ते कळव. इथे कालव्याला पाणी आलं, पण आमच्या नळाला अजून ती बातमी पोचलेली नाही. श्रीलक्ष्मीने तुझ्यासाठी वडाम वाळवून डब्यात भरले आहेत. बुधवारी तू येशीलच, तेव्हा घेऊन जा. बुधवारी येण्याआधी हे पत्र मात्र सावकाश वाच, बसून वाच, आणि जेवण झाल्यावर वाच.

फोन का केला नाही असं तू विचारशील. तुझा फोन स्पीकरवर असतो आणि तू स्वयंपाकघरात असतेस, त्यामुळे मी तुला सांगितलेलं सगळं भावोजी, सून, दूधवाली आणि कुकर ऐकतात. इकडे माझ्या घरात आई-लेक, श्रीलक्ष्मी आणि हरिता. दोघींना आपली मराठी कळते, बोलता येते, पण देवनागरीतलं एक अक्षर दोघींना वाचता येत नाही. या घरात देवनागरी वाचणारा मी एकटा, तुझ्या घरात तू एकटी. त्यामुळे हे पत्र मी उघडं जेवणाच्या टेबलावर ठेवून कॉफी घ्यायला उठलो तरी चालतं. (दोनदा उठलो आहे. श्रीलक्ष्मीने त्यावर कॉफीचा डबरा ठेवला, त्याचा गोल डाग वर दिसेल.) मला जे सांगायचं आहे ते तुझ्याशिवाय कोणाला कळता कामा नये, म्हणून हा मार्ग.

क्रमाने सांगतो, नाहीतर तू मधेच अर्थ लावशील. आपल्या घरी मुलीच्या सोयरिकीत पहिला शब्द आत्याचा. नानांच्या आधीपासून असंच चालत आलं आहे, आणि मी कधी त्याला हरकत घेतली नाही. हरितासाठी तीन वर्षांत सात स्थळं पाहिली, साती तिने जागच्या जागी परत केली, आणि मग तू म्हणालीस की आता अटी मी लिहून देते, आपल्या मराठी मंडळाच्या वधूवर यादीतून तेवढंच काढा. मार्च महिन्यात तुझं कार्ड आलं. त्यावर दोन ओळी होत्या. पहिली, ‘देवनागरी वाचता येणारा पाहिजे.’ दुसरी, ‘मृदंग वाजवणारा किंवा परदेशात राहणारा नको.’ पहिली अट का, ते मला ठाऊक आहे. नानांची पेटीभर पत्रं तुझ्याकडे आहेत, आणि आपण दोघं गेल्यावर ती वाचणारं या कुटुंबात कोणी उरणार नाही. दुसरीही ठाऊक आहे. अडतीस वर्षं पहाटे भावोजींचा मृदंग, आणि अडतीस वर्षं त्याच्या डाव्या पुडीला लावायला तुझ्या डब्यातला रवा. उप्पीट करायला डबा उघडावा आणि तळाशी मूठभर उरलेला असावा, हे तुझ्याइतकं कोणी सोसलं नसेल. परदेशाचं कारण तू लिहिलं नव्हतंस, पण मुलगी विमानतळावर सोडून रिकाम्या गाडीने परतलेली माणसं आपल्या नात्यात पुष्कळ आहेत.

आता माझं. पॉलिटेक्निकमध्ये एकतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला मंडळाने यादी सांभाळायला दिली, तर त्याने ती गुपचूप सांभाळावी. मी तसं केलं नाही. यादीत एकेचाळीस मुलं-मुली, आणि प्रत्येकाच्या घरून आलेल्या अटींची कार्डं. (भाषा आपली मराठी, अक्षरं तमिळ. देवनागरीत फक्त तुझं, ते मी तमिळ अक्षरांत उतरवून घातलं.) ती हाताने जुळवण्यापेक्षा संगणकाला कार्डं जशीच्या तशी वाचता यावीत म्हणून मी एक छोटी भाषा तयार केली. तिचं नाव ‘अट’. (हरिताने विचारलं, दुसरं नाव नाही का सुचलं. नाही सुचलं.) या भाषेत चारच कामाचे शब्द: ‘आणि’, ‘किंवा’, ‘पाहिजे’, ‘नको’. एक वाक्य ही एक अट, आणि मुलगा प्रत्येक वाक्यात बसला पाहिजे. कंसही ठेवले होते, पण आपल्या माणसांपैकी एकानेही कार्डावर कंस काढला नाही. आपली माणसं बोलतात तशी लिहितात आणि अर्थ समोरच्यावर सोडतात. समोर संगणक असला की हे महागात जातं.

तुला वाटेल यात कठीण ते काय. समज, पंगतीत कोणी म्हणालं, भात आणि सांबार किंवा रसम. तू न विचारता भात वाढशील आणि त्यावर सांबार ओतू की रसम एवढंच विचारशील. यंत्राला ते कळत नाही. ते डावीकडून एकेक शब्द उचलतं. हातात भात आहे, पुढे ‘आणि’ आला, मग सांबार उचललं. आता सांबार कोणाचं? मागचा ‘आणि’ ते आपल्याकडे ओढतो, पुढचा ‘किंवा’ आपल्याकडे. म्हणून प्रत्येक शब्दाला एक आकडा द्यावा लागतो. ज्याचा आकडा मोठा त्याने मधलं आधी घ्यायचं, लहान आकड्याने थांबायचं. ‘आणि’ जिंकला तर भात-सांबार एकत्र होतं, आणि ‘किंवा’च्या पलीकडे बसलेल्याच्या पानावर नुसतं रसम पडतं. सगळी भाषा बनवायला मला तीन आठवडे लागले, आणि कोणी कोणाआधी घ्यायचं हे ठरवायला दोन महिने. आपल्या घरच्या लग्नात पहिलं तांबूल कोणाला यावर जेवढा वेळ जातो त्याहून हा थोडा कमी म्हणायचा.

पहिल्यांदा मी कोणालाच आकडा दिला नव्हता. सगळे सारखे, डावीकडून जो आधी येईल त्याने आधी घ्यावं, भांडण नको, असा माझा स्वभाव. त्यात दक्षिण वीथीचे भरद्वाज फसले. त्यांनी लेकीसाठी लिहिलं होतं, ‘तंजावूरचा आणि डॉक्टर किंवा इंजिनियर पाहिजे.’ यंत्राने आधी तंजावूरचा डॉक्टर बांधून बाजूला ठेवला आणि ‘किंवा’च्या पलीकडे जगातला कुठलाही इंजिनियर मोकळा सोडला. मी निकाल कळवला, आणि भरद्वाजांनी विश्वासाने आखातात, दोहाला असलेल्या मुलाच्या घरी नारळ, विड्याची पानं आणि जिलब्यांचं ताट नेलं. मुलाचे वडील इथेच करंतैला राहतात, म्हणून त्यांना वाटलं मुलगाही तिथेच असेल. ताट परत आणताना ते आमच्या घरावरून गेले आणि आत आले नाहीत. (जिलब्या मात्र दारापुढच्या तिण्णैच्या ओट्यावर ठेवून गेले. चांगल्या होत्या.)

त्यानंतर मी तक्ता केला. ‘किंवा’ला सात, ‘आणि’ला पाच, म्हणजे भरद्वाजांचा डॉक्टर आणि इंजिनियर आधी एका पाटावर बसतील आणि तंजावूर दोघांनाही लागू होईल. ‘नको’ला दोन. ‘नको’ हा आपल्याकडे वाक्याच्या शेवटी येतो आणि मागे बघतो, आणि किती मागे बघायचं ते त्याचा आकडा ठरवतो. आकडा लहान असला तर तो बाकीच्यांना आधी आपापलं उरकू देतो आणि मग झालेल्या सगळ्यालाच नाही म्हणतो, तू म्हणतेस तसं. आकडा मोठा असला तर तो घाईत शेजारचं, हाताला लागेल तेवढंच उचलतो. हा तक्ता मी पुठ्ठ्यावर लिहून संगणकाच्या वर चिकटवला होता.

एप्रिलमध्ये हरिताला म्हटलं, बाई, तू चेन्नईच्या कंपनीचं हेच काम दिवसभर माडीवर बसून करतेस, एकदा बापाचं तपासून दे. तिने दहा मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, सगळं बरोबर आहे अप्पा, सुम्मा, सहजच, एक आकडा बदलला, ‘नको’ला दोनच्या जागी नऊ केला, जगातल्या सगळ्या भाषांत नकार सगळ्यांत घट्ट असतो. जगातल्या सगळ्या भाषांपुढे मी कोण. आपल्या बाजारातल्या मान डोलवणाऱ्या बाहुलीसारखी मी मान हलवली आणि पुठ्ठ्यावरचा दोन खोडून नऊ केला. तिला दोष देत नाही. तक्ता माझा, भाषा माझी, आणि तपासणाऱ्याला सगळं पटलं की आपणही पटवून घ्यायचं ही खोडही माझीच. बाकीची कार्डं पुन्हा लावून पाहिली, एकाही निकालात फरक पडला नाही, कारण ‘किंवा’ आणि ‘नको’ एकाच वाक्यात लिहिणारी अख्ख्या मंडळात तू एकटी आहेस. हे मला तेव्हा सुचलं नाही.

मे महिन्यात तुझं कार्ड लावलं. एकच नाव निघालं, प्रणवेश. देवनागरी वाचणारा यादीत तोच एक. वडील बँकेत होते, नागपूरला बदली झाली होती, चौथीपर्यंत तिकडे शिकला. मी तुला कळवलं की तुझ्या सगळ्या अटींत बसणारं स्थळ मिळालं, आणि तुझं उत्तर आलं, ‘यंत्राने माझं ऐकलं, तुम्ही कोणी कधी ऐकलं नाही. माझा होकार समजा.’ ते कार्ड मी देवघरात ठेवलं. हरिताला सांगितलं, तर आठव्या वेळी तिने फक्त विचारलं, कधी येणार आहे? श्रीलक्ष्मीने डोळे पुसले आणि मी यंत्राला मनातल्या मनात नमस्कार केला. यादीतल्या बाकीच्या रकान्यांत काय लिहिलंय ते मी पाहिलं नाही. यादी वाचायला लागू नये म्हणूनच तर यंत्र केलं होतं.

गेल्या रविवारच्या आधीच्या रविवारी तो आई-वडिलांबरोबर आला. ऑटोतून उतरला तेव्हा त्याच्या हातांत कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबट, मधे फुगलेलं होतं. मला वाटलं पनरुटीचा फणस. मनात म्हटलं, मुलगा रीत जाणतो, रिकाम्या हाताने येत नाही. श्रीलक्ष्मीलाही तेच वाटलं. तिने लगेच मागच्या दारी वर्तमानपत्र अंथरलं, सुरीला तेल लावलं आणि डिंक हाताला चिकटू नये म्हणून स्वतःच्या हातांनाही लावलं. मी पुढे होऊन त्याच्या हातून ते घेतलं आणि किती पिकलंय ते बघायला वरून टिचकी मारली. अक्का, त्याने उत्तर दिलं. चांगलं घुमून, सुरात. मी ते तसंच धरून उभा राहिलो. आतून श्रीलक्ष्मी तेलकट हातांनी विचारत होती, कापायला घेऊ का.

मी ते हळूच सतरंजीवर ठेवलं आणि सगळे बसल्यावर उगीच विचारल्यासारखं विचारलं, कामाला कुठे असता? तो म्हणाला, सिंगापूर. सहा वर्षं झाली. सुट्टीवर आलोय, येताना एका देवळात वाजवायचं होतं म्हणून वाद्य बरोबर आहे. तुझ्या कार्डावरची दुसरी ओळ अख्खीच्या अख्खी माझ्या बैठकीत बसून कॉफी पीत होती. दोन्ही नको एकाच मुलात. त्याच्या आईने मला विचारलं, अण्णा, बरं वाटत नाहीये का? मी म्हटलं, गुडघा.

त्या दिवशी मी त्याला कसा तरी वाटेला लावणार होतो. देवाशपथ सांगतो. तुझा शब्द मोडून या घरात लग्न करायचं माझ्या मनातही नव्हतं. म्हणून म्हटलं, निदान पहिली अट तरी खोटी निघते का बघू, आणि नानांचं माझ्याकडे असलेलं एकुलतं पत्र काढून त्याच्या हातात दिलं. तो वाचेल, अडखळेल, आणि मी तुला लिहीन की पहिल्याच अटीला नापास झाला. अडखळला नाही. बैठकीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, नाना थांबायचे तिथे थांबून. आमच्या लग्नानंतर नानांनी वैद्येश्वरनकोविलहून पाठवलेलं ते पत्र. त्यात लिहिलंय की सून मनाची मोकळी आहे, घराला तिच्यामुळे उजेड आला, फक्त कॉफी पातळ करते, पण ते तिला सांगू नये. एकतीस वर्षं मी ते पत्र श्रीलक्ष्मीला वाचून दाखवलं नव्हतं. कॉफीचं वाक्य आडवं येत होतं. ते ओलांडून आधीचं वाक्य वाचता येतं हे मला सुचायला हवं होतं. ती तेलकट हातांनी दारात उभी राहून ऐकत होती. नंतर ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने सगळ्यांना पुन्हा कॉफी केली. घट्ट केली होती.

हरिता मात्र त्या दिवशी हसली. तोंडावर हात ठेवून हसते तशी नव्हे, लहानपणी हसायची तशी. (हल्ली माडीवर मीटिंगमध्ये असतानाही टेबलावर बोटं वाजवत हसत असते. कंपनी चांगली असावी.) साती स्थळांच्या वेळी ती आमच्या समाधानासाठी खाली येऊन बसायची आणि मी तिच्या तोंडाकडे बघायचं टाळायचो. या वेळी मला बघता आलं. म्हणून त्या रविवारी मी तोंड उघडलं नाही. त्याच्या आई-वडिलांनी तिथेच पंचांग मागितलं, येत्या शुक्रवारी लग्नाचा निश्चितार्थ ठरला, आणि मी बरं म्हटलं. हा माझा गुन्हा, तो मी कबूल करतो.

सोमवारी चूक शोधायला बसलो. तासाभरात सापडली. ‘नको’चा नऊ. तुझं वाक्य यंत्राने असं वाचलं होतं: मृदंग वाजवणारा चालेल, किंवा परदेशात न राहणारा चालेल. दोन दारं उघडी, आणि प्रणवेश पहिल्या दारातून मृदंग घेऊन रीतसर आत आला, सिंगापूरचं त्याला कोणी विचारलंच नाही. तुझ्या वाक्यात काहीही चूक नव्हती, अक्का. तू जे लिहिलंस त्याचा एकच अर्थ होतो, आणि तो दूधवालीलाही कळला असता. मी नऊचा पुन्हा दोन केला, तुझं कार्ड पुन्हा लावलं, आणि यंत्राने उत्तर दिलं, ‘कोणी नाही.’ हे दोन शब्द मीच तिथे घातलेले, कोणी सापडलं नाही तर दाखवायला. कितीदा तरी पाहिले असतील. या वेळी मला ते बघवले नाहीत. मी दोनचा पुन्हा नऊ केला, आणि पडद्यावर प्रणवेश परत आला. मग पुन्हा दोन. असं मी दुपारच्या जेवणापर्यंत करत होतो. शेवटी श्रीलक्ष्मीने येऊन वीज वाचवायला सांगितलं.

म्हणून हे पत्र. बुधवारी तू दारातून आत येशील आणि पहिल्यांदा तो मृदंग तुझ्या दृष्टीस पडेल (तो आमच्याकडेच ठेवून गेलाय, शुक्रवारी वाजवायचाय म्हणून), त्याआधी तुला माझ्याकडून कळावं. निर्णय तुझा. तू नाही म्हणालीस तर मी त्यांच्या घरी जाऊन पाया पडून सांगेन, चूक माझ्या यंत्राची. (गुडघ्याचं पाहून घेईन.) हरितालाही मीच सांगेन. ते कसं सांगायचं हे मला अजून सुचलेलं नाही. मला भीती वाटते, अक्का. ती ठीक आहे अप्पा म्हणेल, आणि माडीवर जाईल. स्थळासाठी खाली बोलावलं की तिचं ते ठीक आहे मी सात वेळा ऐकलंय, आठव्यांदा ऐकायचं बळ माझ्यात नाही. तरी पहिला शब्द आत्याचा. नानांनी तो मोडला नाही, मीही मोडणार नाही.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. बुधवारी मन्नारगुडीहून सकाळची बस धर, दुपारच्या बसला गर्दी असते. मी स्टँडवर येतो.

तुझा धाकटा,
गुरुराज

ता. क. — निर्णय तुझा असं वर लिहिलं ते खरंच आहे, पण तुझा निर्णय होईपर्यंत एक छोटं काम. सोबत एक कोरं कार्ड ठेवलं आहे. त्यावर तुझ्या अटी पुन्हा, त्याच शब्दांत, त्याच क्रमाने उतरवून घाल. फक्त दुसऱ्या ओळीत दोन कंस हवेत, एक ‘परदेशात’च्या आधी आणि एक ‘नको’च्या नंतर. कुठे ते चुकू नये म्हणून मी कंस पेन्सिलीने काढून ठेवले आहेत, तू त्यावरून पेन फिरवायचं. तारीख मार्चची घाल. म्हणजे ‘नको’ला नऊ असो की दोन, यंत्र प्रणवेशचंच नाव देईल आणि तुझा शब्दही राहील. यात खोटं काही नाही, कंस म्हणजे शब्द नव्हेत.

आणखी एक ता. क. — हे मी अजून कोणालाच बोललो नाही असा तुझा समज झाला असेल, तर तो तसाच राहू द्यावा असं वाटत होतं. पण बुधवारी तुला कळेलच. मी मंगळवारी भावोजींना फोन केला होता, तू देवळात गेली असताना. सल्ला विचारायला. त्यांनी सल्ला दिला नाही, मुलाचा नंबर घेतला. नंतर कळलं की दोघं सव्वा तास बोलले. प्रणवेश डाव्या पुडीला रवा लावत नाही, कसलंसं चिकट रबर लावतो, ते सहा महिने टिकतं. भावोजींसाठी एक डबी त्याने काढून ठेवली आहे. तुझ्या उप्पिटाचा विचार करूनच मी हे लिहितोय, दुसरा हेतू नाही.

आत्या, नमस्कार. मी हरिता. अप्पांनी पाकीट चिकटवून पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, मी ते उघडून वाचलं. हे माझं पहिलं मराठी लिहिणं आहे, अक्षर वाकडं आहे, हसू नका. मंडळाच्या पोंगलच्या कार्यक्रमात प्रणवेश वाजवायला आला होता, तेव्हापासून तो मला फोनवर शिकवतो. आधी मृदंगाचे बोल, तक धिमि, लिहायला शिकले, मग बाकीचं. तुमचं मार्चचं कार्ड अप्पांच्या टेबलावर होतं. मी पूर्ण वाचलेलं ते पहिलं मराठी. म्हणून अप्पांनी यंत्र तपासायला दिलं तेव्हा ‘नको’चा आकडा बदलला. अप्पांचा दोन बरोबर होता. चूक त्यांची नाही, यंत्राची नाही, माझी आहे, आणि ती चुकून झालेली नाही. अप्पांना तुम्ही सांगा, मला धीर होत नाही. नानाआजोबांची पेटी मला द्या. माझं लग्न कोणाशीही झालं किंवा नाही झालं तरी मी ती वाचीन, त्यासाठी वाचणारा नवरा लागणार नाही. कार्डावरचे पेन्सिलीचे कंस मी पुसले आहेत, तुमच्याकडून खोटं लिहून घ्यायचं नाही. कार्ड कोरं आहे. तुम्हाला वाटेल ते लिहा आणि या वेळी माझ्या नावावर पाठवा. ‘नको’ लिहिलंत तरी आता मला वाचता येईल.